मायच्या खिडकीला काच बसली तेव्हा

माझी माय रोहण्याला भावाजवळ राहायची आणि मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेत, भाड्याच्या दोन खोल्यांत. मी शाळेत शिकवत होते. सत्तरचं दशक सरत आलं होतं. मायला दमा जडून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. जन्मभर तिनं कापूस वेचला, तुरी झोडल्या. ती सगळी धूळ जणू छातीत साठून राहिली होती.

तिच्या खोलीला पूर्वेकडे एकच खिडकी, लाकडी फळ्यांची. उघडली की समोरच्या खळ्यावरची धूळ आणि थंडीतला वारा आत यायचा आणि ती खोकत बसायची. लावली की भर दुपारी अंधार. डॉक्टरांनी वारा आणि धूळ टाळायला सांगितलं, तर माय दिवाळीपासून होळीपर्यंत खिडकी उघडायचीच नाही. नाताळाच्या सुट्टीत मी गेले तेव्हा ती सुपातले तांदूळ निवडत होती. डोळे मिटलेले, बोटं चाललेली.

"डोये मिटून काऊन बसली?" मी विचारलं.

"उघडे ठेवून काय करू? सारखंच हाय."

परत आल्यावर मी मस्टरवर सही करायला हेडमास्तरांच्या खोलीत गेले. मैदानावर वावटळ उठली होती. पाचोळा, माती घेऊन ती थेट खिडकीवर येऊन आदळली. टेबलावरचा एक कागदसुद्धा हलला नाही. खिडकीला काच होती. तीन वर्षं मी त्या खोलीत जात होते आणि ती काच मला कधी दिसली नव्हती. उन्हाला आत येऊ द्यायचं आणि वाऱ्याला बाहेरच थांबवायचं, हे ती मुकाट्यानं रोज करत होती. सही करून मी तिथंच भावाला पत्र लिहिलं, खिडकीला काचेची नवी चौकट करून घे आणि माप कळव.

माप आलं त्याच संध्याकाळी मी काचवाल्याच्या दुकानात गेले. साठीचे गृहस्थ, हातांवर बारीक पांढऱ्या वणांच्या रेघा. मी माप सांगितलं. त्यांनी एक मोठी काच चादरीवर आडवी ठेवली. समोरून पाहिली तर रंगच नाही, पण कडेनं पाहिली तर हिरवीगार, विहिरीच्या पाण्यासारखी. त्यांनी पट्टी धरली आणि हिऱ्याचं कलम एकदाच ओढलं. कापडाचा धागा उसवावा तेवढा आवाज. काचेवर केसाएवढी रेघ उमटली, बाकी काही झालं नाही.

"कापली?" मी म्हटलं.

"नाई बाई. तिले फक्त वाट दाखोली."

त्यांनी काच उचलून रेघ टेबलाच्या काठावर आणली, पलीकडच्या भागावर दोन्ही हातांनी हलकेच दाब दिला आणि काच त्या रेघेवरून सरळ दुभंगली. एवढी कठीण वस्तू इतकं ऐकते, हे मला खरंच वाटेना.

रोहण्याला येऊन काच बसवायला ते तयार झाले. पुलगावपर्यंत मोठ्या रेल्वेनं आणि तिथून आर्वीला जाणाऱ्या अरुंद रुळांच्या छोट्या गाडीनं, दोन गोधड्यांच्या मध्ये काच गुंडाळून आम्ही निघालो. मला वाटलं, मांडीवर आडवी ठेवावी. त्यांनी ती माझ्या हातून घेतली आणि पायांशी उभी धरली. "आडवी ठेवली त आपल्याच वजनानं वाकते अन् जाते. उभी धरली त कितीबी दूर न्या." छोटी गाडी रमतगमत, हिसके देत चालली होती. डब्यातली माणसं गोधडीकडे पाहत सरकून बसली. एका म्हातारबाबांनी विचारलं, "देव हाय का बाई?" मी म्हटलं, "काच हाय. मायसाठी." त्यांनी आपलं बोचकंही उचलून दुसरीकडे ठेवलं.

भावानं सुताराकडून नवी चौकट करून ठेवली होती. काचवाल्यांनी काच बसवून पाहिली तर चारी बाजूंनी सुतळी जाईल एवढी फट. भाऊ म्हणाला, "काका, माप चुकलं का?"

"नाई. ते जागा तिची हाय. उन्हात काच फुगते, पान्यात लाकूड फुगते. गच्च बसवली त उन्हाळ्यात आपल्या आपनच तडकून जाते."

मग त्यांनी खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून फटीत भरायची लांबी केली, कणकेसारखी. मायनं ती हातात घेऊन वास घेतला. "हे त आपल्या वावरातलं तेल," ती म्हणाली. तिला आता त्या कामावर भरवसा वाटू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन आलं. आधी भिंतीवर, मग मायच्या मांडीवर, मग पायांवर. तिनं हात पुढे केला. हात काचेला टेकून थांबला आणि ऊन मात्र आरपार येत राहिलं. ती बराच वेळ तसाच हात धरून होती. संध्याकाळी वारा सुटला. समोरचा निंब मुळापासून हलत होता आणि खिडकीतल्या दिव्याची ज्योत सरळ उभी होती. माय एकदा निंबाकडे बघे, एकदा ज्योतीकडे. तिनं मला हळूच विचारलं, "हे असं कसं होते?"

उरलेला हिवाळा तिला बरा गेला. सकाळचं ऊन खोलीत शिरून तिथंच थांबायचं, दुपारपर्यंत ऊब टिकायची. पण एप्रिल लागला तशी तीच खोली भट्टी झाली. भावानं आतून जाड चादर लावली तरी फरक पडेना. मी काचवाल्यांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "ऊन आत येऊ देऊन मंग काऊन अडवता? भाईरच अडवा." मग बाहेरून बांबूची तट्टी बांधली आणि खोली निवली. हिवाळ्यात उन्हासाठी तट्टी काढलेली होती, म्हणून पुढल्या फेब्रुवारीतल्या गारपिटीत काच सापडली. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तडा गेला, पण लांबीनं धरून ठेवल्यामुळे तुकडा पडला नाही. काचवाल्यांनी येऊन दुसरी बसवली.

त्यानंतर माय सहा वर्षं जगली. मी महिन्यातून एकदा दुपारच्या गाडीनं जायची. स्टेशनावरून चालत येताना ती खिडकी दुरून दिसे, पण आतलं काही दिसत नसे. दिवसा काचेत निंब आणि आभाळच असायचं. मी जवळ जाऊन दोन्ही तळहातांचा आडोसा करून आत डोकावले की माय माझ्याकडेच पाहत बसलेली असे. तिनं मला केव्हाच पाहिलेलं असायचं, मी पार वळणावर असतानाच. आत गेले की चुलीवर चहा उकळत असायचा.