मानासेच्या बहिणीचा बंद फोन

आमच्या बेटावरच्या तालामाहू बाजाराच्या मागच्या अंगाला, मासळीवाल्या सुरू होतात त्याच्या अलीकडे मानासेचे दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, एक दिवा, एक भिंग आणि खुद्द मानासे. शेजारी माझी भाजक्या शेंगदाण्यांची टोपली. एकोणीस वर्षे आम्ही असे शेजारी बसतो आहोत. माझा नवरासुद्धा माझ्या शेजारी एवढा टिकला नाही, तेव्हा मानासेबद्दल बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे.

माणूस पन्नाशीचा, अंगाने भरभक्कम, पण बोटे नाजूक. आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता फोन. फोन चालू होत नाही म्हणून कोणी आले की तो आधी फोन हुंगतो. समुद्रात पडलेला फोन त्याला वासावरून कळतो, गिऱ्हाईकाने कितीही शपथा घेतल्या तरी.

"तांदळात ठेवला होतास?" तो विचारतो.

"हो, दोन दिवस."

"मग आता शिजवूनच टाक."

एकाने तर ओला फोन सुकवायला रविवारच्या, जमिनीत खणलेल्या भट्टीत, गरम दगडांच्या कडेला ठेवला होता. डुक्कर छान भाजले गेले आणि फोनही. मानासेने तो फोन कागदात गुंडाळून परत दिला, एवढेच.

त्याची मोठी अडचण म्हणजे बहिणी. आमच्या रीतीने बहिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, तिच्यासमोर थट्टा करायची नाही, तिच्या खासगी वस्तूला नजर लावायची नाही. हल्लीची पोरे हे धाब्यावर बसवून बहिणींबरोबर सिनेमे बघतात. मानासे मात्र जुन्या वळणाचा. त्यात आमच्याकडे चुलत, मावस, आते, सगळ्या बहिणीच. आणि याला या गावात बहिणी किती हे देवालाच ठाऊक. फोन म्हटला की आत फोटो, निरोप, सगळेच खासगी. मग बहिणीचा फोन आला की मानासे त्याचा पडदा माझ्याकडे करतो आणि स्वतः मागून काम करतो.

"लोसे, काय दिसतंय?"

"काळं."

"आता?"

"आता काळ्यात माझं थोबाड दिसतंय."

अशा रीतीने त्याचा अर्धा धंदा माझ्या डोळ्यांवर चालतो. मी कधी बदल्यात काही मागितले नाही. बायकांच्या फोनात काय काय असते ते फुकटात कळते, ते थोडे आहे का?

पण सख्खी बहीण, लेसिएली, ती कधी फोन घेऊन आली नव्हती. ती याच्याहून सहा वर्षांनी मोठी, विधवा, शाळेतून निवृत्त झालेली. बापाची मोठी बहीण म्हणून ती मानासेच्या मुलांची फाहू. मुलांच्या कुठल्याही कार्यात फाहूची जागा सगळ्यांच्या वर. पहिला घास तिचा, उत्तम चटई तिची. लग्नात फाहूच नसेल तर त्याला लग्न म्हणत नाहीत, नुसते जेवण म्हणतात.

आणि मानासेच्या मुलीचे, अमेलियाचे, लग्न पुढच्या शनिवारी होते.

लेसिएली येणार की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. दहा महिन्यांपूर्वी लग्न ठरले तेव्हा मानासे संध्याकाळी रीतसर माणसे पाठवून बहिणीच्या कानावर घालणार होता. नवऱ्या मुलाच्या बहिणीला तेवढा धीर कुठला! तिने दुपारीच फोटो फेसबुकवर टाकले. लेसिएलीला भाचीचे लग्न परक्या पोरीच्या फोटोवरून कळले, तेही चटया विणायला बसलेल्या बायकांच्या घोळक्यात. तेव्हापासून अबोला. मानासेने दोनदा वडीलधाऱ्यांना पाठवले, मानाच्या पेयाची, म्हणजे कावाची, मुळे देऊन, रताळ्यांच्या टोपल्या देऊन. टोपल्या दोन्ही वेळा परत आल्या, वरचे फडकेही न उचललेल्या. तिसऱ्यांदा जायला कोणी तयार होईना.

अशात लग्नाच्या आदल्या शनिवारी सकाळी लेसिएली स्वतः बाजारात उगवली. दुकानासमोर नाही, माझ्या टोपलीसमोर, दुकानाकडे पाठ करून. मानासे ताडकन उभा राहिला आणि भिंतीकडे तोंड करून थांबला.

"लोसे," ती म्हणाली, "या दुकानदाराला सांग, माझा फोन चालू होत नाही. त्या पलीकडच्या दुकानात म्हणाले, मेलाय, नवा घ्या. उद्या रविवार, सगळं बंद. आणि ऑकलंडहून मुलीचा फोन रविवारीच येतो."

दोघांत चार हातांचे अंतर. तरी मी वळून सांगितले, "फोन चालू होत नाही."

"पाण्यात पडला होता का विचार," भिंत बोलली.

"पाण्यात पडला होता का?"

"मी काय मासे धरते?"

"नाही म्हणतात."

"काल रात्री चार्ज होत होता का?"

"अहो लेसिएलीबाई, काल चार्ज होत होता का?"

"मला काय ठाऊक? वायर खोचली आणि झोपले. सकाळी पाहते तर ढिम्म."

मला हसू येत होते आणि रागही. एका आईची लेकरे, एकमेकांचा शब्द न् शब्द ऐकू येतोय, आणि मध्ये मी पोस्टमन. पण फोन घेतला आणि मानासेसमोर पालथा ठेवला. लेसिएली मासळीवाल्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

त्याने फोन हुंगला. मान हलवली. मग पडदा माझ्याकडे करून बटण दाबून धरले, सावकाश तीस आकडे मोजले. "काय दिसतंय?" काळे. आवाजाचे बटण आणि ते बटण एकदम दाबले. तरी काळे. कधी कधी आत फोन जिवंत असतो आणि नुसता पडदा गेलेला असतो, म्हणून मला तिचा नंबर लावायला सांगितला. थरथर नाही, काही नाही. मग स्वतःची वायर लावली, तिच्यावरच्या छोट्या मीटरकडे बघितले.

"वीज आतच जात नाहीये," तो म्हणाला. "तोंड बुजलंय."

दिवा जवळ ओढून त्याने चार्जिंगच्या भोकावर भिंग धरले आणि बारीक सुईने आतून कोरायला लागला. खिशातला कचरा निघतो तसा करडा बोळा निघेल असे मला वाटले. निघाले ते पांढरट तंतू. एक, दोन, मग दाबून बसलेले पुंजकेच्या पुंजके. मानासेने ते बोटावर घेतले आणि दिव्याखाली धरून इतका वेळ बघत बसला की मला विचारावे लागले, "काय रे? विंचू आहे का?"

"केतकी आहे," तो म्हणाला. "पानाच्या कडेची तूस."

"मग त्यात काय? विणणारी बाई आहे ती."

"ही रोजच्या चटईची नव्हे. एवढं बारीक चिरलेलं पान आईनंतर मी पाहिलं नाही. माझ्या लग्नाला आईने विणलेली चटई अशी होती. सहा-आठ महिने लागतात." त्याने पुंजका कागदावर ठेवला. "तिच्याकडे दुसरं कोणाचं कार्य आहे यंदा?"

मी मनातल्या मनात त्यांचे सगळे खानदान पालथे घातले. कोणाचेच नव्हते.

"पाद्रीबाबांसाठी असेल," मी उगाच म्हटले.

"पाद्रीबाबांसाठी इतकं बारीक कोण चिरतं!"

आता हे आमच्यातल्या कोणालाही सांगावे लागत नाही, पण सांगते. फाहूने लग्नात द्यायचे नसते, घ्यायचे असते. आणि ही बाई टोपल्या परत पाठवत होती आणि घरी बसून भाचीसाठी डोळे फोडत होती. मला तिचा इतका राग आला, आणि त्याच क्षणी तिच्यावर इतका जीव आला, की मी शेंगदाण्यांचे गिऱ्हाईक सोडून दिले.

वायर लावल्यावर मीटरवरचे आकडे हलले. वीस मिनिटांनी मी म्हटले, "उजेड आला. नाव आलं. फूल आलं. निरोप येतायत, धडाधड."

"वाचू नकोस," मानासे म्हणाला.

"मी कशाला वाचू?" म्हणत मी पहिले दोन वाचले. मुलीचेच होते. 'आई, संपली का विणून?' आणि त्याखाली, 'त्यांनी परत बोलावलं नाही तरी जाशील का गं?'

मी हे मानासेला सांगितले नाही. शब्द माझ्या जिभेवर आला होता, पण बहिणीचा निरोप भावाला वाचून दाखवायचे पाप मी कशाला डोक्यावर घेऊ? मी फक्त म्हटले, "दे इकडे, देऊन येते."

"थांब," तो म्हणाला.

मोठ्यांपुढे जाताना मान म्हणून नेसतात ती कमरेची चटई खुंटीवरून काढून त्याने नेसली, दोर घट्ट बांधला. मग फळीखालून वाकून बाहेर आला. एकोणीस वर्षांत शनिवारच्या गर्दीत तो दुकानाबाहेर आलेला मी पाहिला नव्हता. लेसिएली पाठमोरी उभी होती. तिच्यापासून तीन हातांवर, मासळीच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर, तो मांडी घालून बसला. मान खाली, हात मांडीवर.

मासळीवाल्यांचे सुरे थांबले. तेव्हा लेसिएलीने वळून पाहिले. मी फोन पुढे केला, तो तिने घेतला, पडद्याकडे बघितलेही नाही.

"लोसे, याला उठायला सांग," ती म्हणाली. "नवरीच्या बापाने मासळीच्या पाण्यात बसायचं असतं का? कमरेची चटई वास मारेल."

"मानासे, ऊठ म्हणतात."

तो उठला नाही. त्याचे रुंद खांदे हलत होते. एवढा मोठा गडी बाजारात बसून रडताना बघून मी एप्रनने डोळे पुसले.

लेसिएलीने फोन पिशवीत टाकला.

"लग्नाची प्रार्थना किती वाजता आहे?" तिने विचारले.

मी सवयीने त्याला विचारायला वळले, आणि मग माझ्या लक्षात आले की या वेळी तिने माझे नाव घेतले नव्हते.

"दहा वाजता, ताई," मानासे फरशीकडे बघत म्हणाला.