भट्टीवाली

लोणंदच्या एका कारखान्यात मी पोलादी पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढते. हे पाइप देशातल्या अणुभट्ट्यांना जातात. जोडात केसाएवढी चीर दिसली तरी मी तो परत पाठवते. वेल्डर माझ्या नावानं खडे फोडतात. फोडोत.

आई मात्र पाहुण्यांना नुसतं "पोरगी भट्टीच्या कामाला हाय" असं सांगायची. आमच्याकडं भट्टी म्हणजे हातभट्टी! तासगावहून मला बघायला आले, तेव्हा मुलाच्या मामांनी बसल्या बसल्या आईला विचारलं, "आवं, धाड पडती का कवा?" आम्ही पोट धरून हसलो. खरं काय ते कळल्यावर मामा एकदम खुलले. "मग अभिमानाची गोष्ट हाय की! आता आपला देश परदेशाला अणुभट्ट्या इकनार, टीव्हीवर बघितलंय मी." पोहे दोनदा मागून घेतले. मुलगाही मला आवडला होता, खोटं कशाला बोलू?

आठ दिवसांनी मामा एकटेच आले. चहाला हात लावला नाही. आईला म्हणाले, "पोरगी लाखात एक हाय. पन तिला किरणं लागल्यात. उद्या पोरंबाळं न्हाई झाली तर? नोकरी सोडू दे आन डॉक्टरचं लिवून आना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कामावर आम्ही छातीला बिल्ला लावतो, अंगाला किती किरणं लागली ते त्यावरून कळतं. माझा बिल्ला दर वेळी मर्यादेच्या खूप खालीच निघालाय. हे सगळं मी मामांना नीट सांगितलं. पण ऐकतंय कोण! जगाला भट्ट्या विकायच्या म्हणून छाती फुगवायची आणि त्यांचे जोड तपासणारी पोरगी घरात नको? वा रे वा!

"मामा," मी म्हटलं, "तुमचा भाचा द्राक्षबागेवर औषध मारतो, तेव्हा तोंडाला फडकंसुद्धा बांधत नाही. त्यानंच सांगितलं मला. आधी त्याचं रक्त तपासून आणा, मग मी लिहून आणते."

मामा ताडकन उठले. "लय शानी हाय पोरगी," म्हणत चपला शोधू लागले. आई मलाच झापणार असं वाटलं, कारण या लग्नासाठी तिनं देव पाण्यात ठेवले होते. ती त्यांच्यामागं दारापर्यंत गेली.

"आवं पावणं, परदेशाला भट्ट्या इकाल तवा सांगा त्यास्नी, जोड माज्या लेकीनं तपासल्यात म्हनून."

मग आत येऊन तिनं मामांचा गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला आणि पदर तोंडाला लावून रडली. सकाळी माझ्या हातात डबा देताना म्हणाली, "चल, भट्टीला उशीर हुतोय."