डावीकडची फरशी

माझ्या मेहुण्याला कामावर सगळे ‘स्कोअर’ म्हणायचे. बायकोचा धाकटा भाऊ, वय एकोणतीस, आणि हाती काहीही लागलं तरी त्याचा खेळ करणारा. जिना चढला की पायऱ्या मोजणार, संध्याकाळी हातपाय धुता धुता जाहीर करणार, “दाजी, आज माझ्या त्रेचाळीस काचा. तुमच्या एकोणचाळीस.” अरे लेका, मी काय तुझ्याशी शर्यत लावलीय? व्हिडिओ गेमचं वेड त्याला शाळेपासून. सातवीत नापास झाला तेव्हा बापाला म्हणाला होता, “एक लाइफ गेली, अजून दोन आहेत.” बापाने तिथल्या तिथे उरलेल्या दोन्हीही काढल्या.

आमचं काम उंच इमारतींच्या काचा धुण्याचं. गच्चीवरून दोन दोरांवर लोखंडी पाळणा खाली सोडतात, त्यात दोघंजण उभे राहतात आणि वरून खाली धूत येतात. स्कोअरला या कामावर मीच लावला. म्हणजे त्याचं काही बरंवाईट झालं तर घरात तोंड मला दाखवायचं होतं.

आणि झालंच. पावसाळा संपल्यावर एका सकाळी त्याच्या पाळण्याचा एक दोर अडकला आणि पाळणा एका बाजूला कलंडला. नवव्या मजल्यावर तो आणि त्याचा जोडीदार वीस मिनिटं लटकून राहिले. कुणाला खरचटलंही नाही. जोडीदार दुसऱ्या दिवशी हसत हसत वर गेला. स्कोअर मात्र गच्चीच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थिजला. चौकट दोन्ही हातांनी धरली ती सोडेचना. मी एकेक बोट सोडवलं त्याचं.

तेव्हापासून तो खालीच. बादल्या भरायच्या, फुटपाथवर दोरी बांधून लोकांना बाजूने पाठवायचं, फडकी पिळायची. मुकादम दोन महिने काही बोलला नाही, मग एकदम बोलला. “महिनाअखेरपर्यंत वर चढला तर ठीक. नाहीतर त्याला दुसरं काम बघायला सांग. बादल्या भरायला मला माणूस नको, नळ आहे.” मुकादम वाईट माणूस नाही, पण त्याचं बोलणं म्हणजे सरळ दगड. हातात तीन आठवडे होते.

स्कोअरला दुसरं काम येत नव्हतं असं नाही. पण हे काम गेलं तर आपण घाबरून पळालो, हे त्याच्या मनात कायमचं बसणार होतं. मला म्हणाला, “दाजी, मला हाकललं तरी चालेल. पण एकदा वर जाऊन मग हाकला.” त्याचा आवाज असा होता की मला जेवण गेलं नाही.

टॅबलेट आणला माझ्या बायकोने. ती शिकवणीच्या वर्गात कामाला आहे, तिथला जुना टॅबलेट तिने भावासाठी मागून घेतला. त्याचं मन रमेल, एवढाच तिचा हिशेब. आमच्याच घरी यायचा तो, कारण आमची बाहेरची खोली मोठी. त्यात त्याला ते नवीन ॲप सापडलं, ज्यात गेम पडद्यात राहत नाही, आपल्या घरात येतो. कॅमेरा आपलीच खोली दाखवतो आणि तिच्यात नसलेल्या गोष्टी उभ्या करतो. पहिल्या दिवशी त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर किल्ला उभा केला. एवढेएवढेसे सैनिक माझ्या ताटाभोवती पळत होते.

“दाजी, हलू नका, तुमच्या कोपराखाली माझे तीन मेले.”

“मेले तर मेले. चटणी सरकव इकडे.”

नाक मुरडलं खरं, पण दुसऱ्या दिवशी मीच टॅबलेट हातात घेतला. त्याने फरशीवर गाड्या सोडल्या होत्या. मी टॅबलेटमधून बघत स्वयंपाकघराकडे निघालो आणि गाडी तुडवली जाऊ नये म्हणून पाय उंच उचलून पलीकडे टाकला. बायको दारात उभी राहून पोट धरून हसली. “अहो, रिकाम्या फरशीवर कसली उडी मारताय?” मलाही हसू आलं. एक मात्र कळलं, डोळ्याला पटलं की पाय डोक्याला विचारत बसत नाही. तेवढ्यावर मी थांबलो. पुढचा विचार केला असता तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी त्याने दरी शोधून काढली. ते वेगळं ॲप. टॅबलेट फरशीवरून सावकाश फिरवला की खोलीच्या मधोमध जमीन फाटायची. खाली खोल, निळसर धूर, तळाशी रस्ते आणि मुंगीएवढ्या गाड्या, आणि वरून एक फळी. फळीवरून पलीकडे जायचं. बस, एवढाच खेळ.

पहिल्यांदा त्याने त्या फळीवर पाय ठेवला तेव्हा मी समोरच बसलो होतो. आमच्या घरात, पंख्याखाली, पायात मोजे. माणसाची पाचावर धारण बसली. कपाळावरून घाम टॅबलेटवर टपकला. त्याने टॅबलेट झटकन खाली केला, खाली आमचीच फरशी दिसली, तेव्हा कुठे श्वास सोडला त्याने.

“ताई,” तो बहिणीला म्हणाला, “जमेल. इथे जमलं तर तिथेही जमेल.”

आम्हा दोघांनाही ते पटलं. का नाही पटणार? मी तर हुरूपाने जुन्या पलंगाची एक फळी काढून दिली, सव्वा फूट रुंद, म्हणजे गच्चीवर पाळण्याच्या यंत्राकडे जायला जी फळी टाकलेली असते तिच्याएवढीच. त्याने ती पडद्यातल्या फळीच्या बरोबर खाली येईल अशी ठेवली, म्हणजे पायालाही लाकूड लागेल. रोज संध्याकाळी तासभर. टॅबलेट दोन्ही हातांनी छातीसमोर धरलेला, मान किंचित वाकलेली, एक पाऊल, मग दुसरं. भीती अंगावर आली की टॅबलेट खाली, पाऊल डावीकडे फरशीवर, एक दीर्घ श्वास, आणि पुन्हा पहिल्यापासून. डावीकडेच, कारण उजवीकडे सोफा होता.

पहिल्या आठवड्यात तो फळीच्या मध्यापर्यंत पोचला. दुसऱ्या आठवड्यात पलीकडे. मग उलट पावलांनी. मग माझी बायको मुद्दाम मागून टाळी वाजवायची, मी भांडं आपटायचो, तरी तो डगमगायचा नाही. अगदीच वाटलं तर डावीकडे उतरायचा, आरामात, जिन्याची शेवटची पायरी उतरावी तसा. “शंभर वेळा दरीत पाय टाकला दाजी,” तो म्हणाला, “काही होत नाही.” मी त्याची पाठ थोपटली. हो, मीच थोपटली.

महिन्याचा शेवटचा शनिवार. पाळणा कलंडला होता त्याच इमारतीच्या गच्चीवर मधोमध एक चौकोनी पोकळी आहे, आतल्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून ठेवलेली. वरून बघितलं तर थेट तळमजल्याची फरशी दिसते, चौदा मजले खाली. पाळण्याचं यंत्र तिच्या पलीकडे. दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, वळसा घालून जायला वाट नाही, म्हणून सहा फुटांची फळी टाकलेली आहे आणि वर एक पोलादी तार ताणलेली. कमरेच्या पट्ट्याचा हूक त्या तारेत अडकवायचा आणि चालायचं. आमच्यात स्वतःचा हूक कुणी स्वतः अडकवत नाही. दुसरा अडकवतो, दोनदा ओढून बघतो, “बसला” म्हणतो, मगच पहिला पाऊल टाकतो. कुणी “बसला” म्हटलं नाही तर मुकादमाचा बाप आला तरी माणूस फळीवर जात नाही.

सकाळचे साडेनऊ. मुकादम पलीकडे यंत्रापाशी उभा, हाताची घडी घालून. आणखी दोघे आपली कामं सोडून अलीकडे, माझ्या मागे बघत उभे होते. मी स्कोअरचा हूक अडकवला. मी एकदा ओढला, दोनदा ओढला, मन भरेना म्हणून तिसऱ्यांदा ओढला.

“बसला.”

तो निघाला. आणि काय सांगू, माझ्या छातीत इतकं भरून आलं! चौकट न सोडणारा पोरगा सरळ चालत होता. एक पाऊल. दोन. तिसरं. वाऱ्याने कुठलातरी पत्रा खडखडला, त्याने लक्षही दिलं नाही. मुकादमाने घडी सोडली. तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. दोन्ही हात छातीसमोर, कोपरात वाकलेले, बोटं वळलेली. हातात काही नव्हतं, पण तो टॅबलेट धरून चालला होता.

मी हाक मारणार होतो. पण फळीवरच्या माणसाला हाक मारायची नसते.

मधोमध तो थांबला. त्याने हात खाली केले. एक दीर्घ श्वास घेतला, खांदे सैल सोडले, आणि अगदी शांतपणे डावीकडे पाऊल टाकलं.

तार अशी खणकन वाजली की मागचे दोघे ओरडले. हुकाने धरला होता. फळीच्या खाली हातभर तो लटकत होता, गोल गोल फिरत होता, आणि एक चप्पल खाली गेली होती. ती पडल्याचा आवाज आला तो फार उशिरा. मी फळीवर पालथा पडलो आणि त्याचा पट्टा पकडला. माझा हूक कुणी लावला होता? कुणीही नाही. पलीकडून मुकादमाने त्याचा दंड धरला. मग मागच्या दोघांसह आम्ही ओढून त्याला अलीकडच्या कठड्याशी टेकवला.

मुकादम आधी स्वतः बसला, पाणी प्यायला, मग माणसासारखा बोलला. “पाय घसरला. होतं असं. अर्ध्यापर्यंत तर गेला ना, मी बघितलं. दहा मिनिटं बसू दे, पाणी पाज, आणि पुन्हा घे. सोमवारपासून पाळण्यावर.”

स्कोअरच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ना, ते मी लग्नाच्या दिवशी कुठल्या नवरदेवाच्या तोंडावरही बघितलं नाही. “ऐकलंत दाजी? सोमवारपासून!”

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. “पाय घसरला तुझा?”

तो विचारात पडला. खोटं बोलणारा पोरगा नाही तो. “नाही,” तो हळूच म्हणाला. “थोडं गरगरलं, म्हणून उतरलो.”

“कुठे उतरलास?”

“फरशीवर.” मग त्याने पोकळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. “म्हणजे... तेव्हा वाटलं.”

“भीती वाटली होती?”

“अजिबात नाही, दाजी. शपथ. जराही नाही.” हे त्याने अभिमानाने सांगितलं.

तीन आठवडे आम्ही तिघांनी मिळून त्याची भीती घालवली असं समजत होतो, आणि त्याच्या पायाला शिकवलं होतं की दरी खोटी असते. पाळण्यात कठडा कमरेएवढाच. तिथे डावीकडे उतरावंसं वाटलं तर? आणि एखाद्या दिवशी हूक लावणारा घाईत असला तर? मुकादमाला यातलं काही माहीत नव्हतं. मी गप्प बसलो असतो तर सोमवारी तो पाळण्यावर असता, हसत, आकडे मोजत. त्याच्या बहिणीने गोडधोड केलं असतं.

दहा मिनिटं झाली. तो उठला, फळीपाशी गेला आणि हूक माझ्यापुढे धरला.

मी तो हातात घेतला नाही.

“दाजी?”

“मी लावणार नाही.”

मुकादम पलीकडून ओरडला, “काय नाटक आहे?” मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की हा घसरला नाही, याने स्वतः पाय टाकला. कसा ते सांगितलं, टॅबलेटचं सांगितलं, पलंगाची फळी मीच दिली तेही सांगितलं. मुकादमाने दोनदा विचारलं, “स्वतः टाकला?” आणि मग उरलेल्या दोघांकडे बघितलं. त्यांनीही हुकाकडे हात नेला नाही. मुकादमाने मान हलवली आणि यंत्राकडे वळला. संपलं.

स्कोअर मला जिन्यात भेटला, पायात एकच चप्पल. डोळे लाल. “मी घाबरत होतो तेव्हा तुम्ही माझी बोटं सोडवलीत. आज चाललो तर तुम्हीच खाली आणलंत. असं का केलंत?”

“तू घाबरला असतास ना,” मी म्हणालो, “तर मी स्वतः हूक लावला असता. घाबरला नाहीस म्हणून नाही लावला.”

त्याला ते पटलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. कमरेचा पट्टा सोडून त्याने माझ्या हातात दिला आणि तो खाली गेला.

या गोष्टीला आता पाच महिने झाले. स्कोअर एका गोदामात लागलाय, काम बरं आहे म्हणे. म्हणे, कारण मला तो काही सांगत नाही. रविवारी सकाळी बहिणीला फोन करतो. बायको फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवते, आणि मी समोर बसलेला असतो.

“दाजी घरी आहेत का गं?” तो आधी विचारतो.

“नाहीत,” ती माझ्याकडे बघत म्हणते. “बाहेर गेलेत.”

मग तो मोकळेपणाने बोलायला लागतो, आणि खुर्ची करकरू नये म्हणून मी हलत नाही.