मिलिंदचा एकट्याचा नकार

मिलिंद गेल्याचा निरोप आमच्या चित्रपट मंडळाच्या ग्रुपवर आला. त्याखाली चार जणांनी हात जोडले नाहीत तोच कोणीतरी विचारलं, रविवारचं ठरल्याप्रमाणे आहे ना? आम्ही रसिक माणसं, आमचं सगळं वेळेवर असतं.

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली ड्युटी संपवून तो मोटारसायकलवर कॉलेज रोडला यायचा. तिथे एका क्लासच्या हॉलमध्ये ‘कल्ट’ कशाला म्हणायचं यावर आम्ही घसे कोरडे करायचो. नियम एकच... एकाचाही विरोध असला तर चित्रपट यादीत नाही. मिलिंद तसा उदार. आपटलेल्या, भुताखेतांच्या चित्रपटांची बाजू तो अशी लढवायचा की हसून हसून पुरेवाट व्हायची. फक्त एका जुन्या विनोदी चित्रपटाला तो वर्षानुवर्षं नाही म्हणत राहिला. त्यातला झाडूवाला मालकाच्या खुर्चीवर बसतो आणि मार खातो, तो प्रसंग आम्हा सगळ्यांना तोंडपाठ. लोक अजून नक्कल करतात, मग कल्ट म्हणजे आणखी काय, असं आमचे अध्यक्ष विवेकराव त्याला दर वेळी समजवायचे. मिलिंदचे वडील येवल्यात सफाई कामगार होते. एकदा तो शांतपणे म्हणाला, “सर, तुम्ही नक्कल करता ना, तेव्हा मला माझा बाप दिसतो. मी आहे तोवर हा चित्रपट यादीत जाणार नाही.”

‘मी आहे तोवर’ एवढंच विवेकरावांनी नेमकं लक्षात ठेवलं. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की आता कोणाचा विरोध उरलेला नाही, तेव्हा श्रद्धांजली म्हणून तोच चित्रपट दाखवू. माझा विरोध आहे म्हटलं, तर तू आत्ता भावनेच्या भरात आहेस म्हणून मला खाली बसवलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं ऐकून होतो, त्या दिवशी पाहिलं.

पुढच्या रविवारी पडद्याशेजारी मिलिंदचा फोटो हार घालून ठेवला होता, तोंड आमच्याकडे. झाडूवाल्याला पहिली लाथ बसली आणि हॉल मोकळेपणी हसला... आता कोणाला मिलिंदकडे चोरून बघायची गरज नव्हती. तो मात्र आमच्याकडेच बघत होता. मी उठलो, पडद्यासमोरून गेलो, फोटो काखेत घेतला आणि बाहेर पडलो.

तो आता माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. फोटो कुठे गेला, हे अजून कोणी विचारलेलं नाही.