मामा पडद्यावर आला तेव्हा

आमच्या शहरातल्या एका कलासंग्रहालयात रविवारी संध्याकाळी काही ना काही असतं. कधी चित्रांचं प्रदर्शन, कधी व्याख्यान, कधी माहितीपट. तिथं माइक हातात धरायची हौस मी गेली काही वर्षं भागवून घेते. सूत्रसंचालनाचे पैसे मिळत नाहीत, मान मिळतो, आणि मानाच्या बाबतीत मी पहिल्यापासून हावरट आहे. आठवडाभर शाळेत ‘बाई’ असते; रविवारी हातमागाची साडी नेसून ‘मॅडम’ होते.

मेंढपाळांवरचं छायाचित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा त्याच्या जोडीला एक माहितीपटही होता. एका तरुण दिग्दर्शिकेनं कन्नड तालुक्यातल्या कळपांबरोबर पायी हिंडून तो केला होता. आदल्या दिवशी तपासायला म्हणून आम्ही तो लावला आणि मध्येच पडद्यावर माझा मामा आला. पिशोरचा, आईचा थोरला भाऊ. खांद्यावर घोंगडी. मेंढरांना हाळी देतो, कॅमेऱ्याकडं वळून म्हणतो, "आमाला काय बघता, मेंढरं बघा की," आणि आपणच हसतो. एवढंच. पुढचं दृश्य सुरू होतं.

मामा करोनात गेला. रस्ते बंद होते, आईला त्याचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. आमच्यात बाया मयताला जातात तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढून रडतात, गेलेल्याशी बोलत बोलत, भांडतसुद्धा. तसं रडल्याशिवाय माणूस नीट पोहोचवल्यासारखं वाटत नाही. आई मात्र शहराच्या छावणी भागातल्या आमच्या घरात फोनवर बातमी ऐकून नुसती भिंतीला टेकून बसली होती. शेजारी करोनाला इतके भ्यालेले की मोठ्यानं रडायचीही चोरी. मामाचा एकच फोटो उरलाय, आधार कार्डावरचा, आणि त्यात तो कुणा भलत्याच माणसासारखा दिसतो.

म्हणून मी आईला न्यायचं ठरवलं. तिनं भावाला बघावं हे होतंच. पण मला माइकवर बोलताना बघावं, हेही होतं. मामा दिसणार आहे असं सांगितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बोलतो का?" बोलतो म्हटल्यावर ती ठेवणीतलं लुगडं काढायला उठली.

दुसऱ्या रांगेत बसवलं तिला. मी छान बोलले. ‘भटकंतीचं सौंदर्यशास्त्र’ असा एक शब्दप्रयोगही केला, त्याचा अर्थ मला आजही धड सांगता येणार नाही. मग अंधार झाला, मामा आला, हसला, आणि आईनं हेल काढला.

"दादा रं! बहिणीला न भेटताच गेलास रं माज्या दादा!"

सगळं सभागृह वळलं. कुणाला वाटलं तो माहितीपटातलाच आवाज आहे. मग ऑपरेटरनं चित्र थांबवलं, दिवे लागले, आणि त्या उजेडात माझी आई छाती बडवत रडत होती. मी लगबगीनं तिच्यापाशी गेले. सांत्वनाला नव्हे. कानाशी वाकून म्हणाले, "आई, लोक बघतायत. गप बस."

नळ बंद करावा तशी ती गप्प झाली.

मी परत माइकपाशी गेले आणि म्हणाले, "व्यत्ययाबद्दल आम्ही दिलगीर आहोत." माझ्या आईच्या रडण्याला मी सगळ्यांदेखत व्यत्यय म्हणाले. वाक्य सफाईदार आलं. सूत्रसंचालनाची एवढ्या वर्षांची सवय कामी आली, दुसरं काय.

दोन दिवसांनी जेवताना तिनं हळूच विचारलं, "त्यो शिनेमा परत दावतेत का गं?" प्रदर्शनाच्या शेवटच्या रविवारी तो पुन्हा होता. या वेळी मी माइक दुसऱ्या कुणाला दिला आणि तिच्या शेजारी बसले. तिला रडू द्यायचं, कुणाला काय म्हणायचं ते म्हणो, असं मी पक्कं ठरवलं होतं. ते तिला सांगायचं मात्र मला सुचलं नाही. आपण मनातल्या मनात शहाणं झालं की समोरच्याला आपोआप कळतं, असा माझा एक समज आहे.

मामा यायच्या जरा आधी तिनं पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. मेंढरांची घुंगरं वाजली तशी मान खाली घातली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. मी तिच्याकडंच बघत होते. हाळी ऐकू आली, मामाचं वाक्य ऐकू आलं, त्याचं हसू ऐकू आलं. तिचे खांदे हलत होते. डोळे तिनं उघडले नाहीत. बघितलं असतं तर तोंडातून आवाज निघाला असता, हे तिला पहिल्या वेळेवरून ठाऊक होतं. बघ ना गं, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर पडद्यावर नुसतं माळरान उरलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "आज तर नाय ना गं काय आवाज केला म्या?"

नाही केलास, असं मी म्हणाले. तिला ते ऐकून बरं वाटलं.