हळू पडणारा सांधा

वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत मी शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. मोताळ्याकडून आलेल्या एस.टी.चा कंडक्टर, माझा एक जुना विद्यार्थी, प्रवासी उतरवून थेट फाटकातून आत आला. "गुरुजी, मिस्त्री गेले... रोहिणखेडले," एवढेच तो म्हणाला. एका मळ्यातले बंद पडलेले ऑइल इंजिन तुळशीराम मिस्त्रींनी सुरू केले, पाण्याची पहिली धार पाटात पडलेली पाहिली, हात धुतले, आणि निंबाखाली जे बसले ते उठलेच नाहीत. रोहिणखेडच्या लोकांनी दोन बैलगाड्या जुंपल्या. एकीत मिस्त्री होते, दुसरीत त्यांची मोटारसायकल. आपल्या गावचा पाहुणा रिकाम्या हाताने परत जाऊ नये, अशा भावनेने त्यांनी ती दोर बांधून, खाली कडबा अंथरून आणली होती. गाडीला एकही नवा ओरखडा नव्हता, हे मी त्या दिवशीही पाहिले. माझ्या या सवयीला मिस्त्री हसले असते.

आमची ओळख ती गाडी येण्याच्या आधीची. मिस्त्री तेव्हा खामगावच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्यात, कामाला होते आणि आमच्या शाळेची तुटकी बाके सुट्टीच्या दिवशी जोडून देत. जिनमधले मोठे इंजिन त्यांच्या हाताखेरीज कोणाच्या हाताने चालत नसे. परंतु हजेरीपत्रकात त्यांच्या नावापुढे 'हेल्पर' असे लिहिलेले होते. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतरच्या वर्षी त्यांनी मॅनेजरसमोर उभे राहून एकच मागणी केली : जे काम मी करतो, ते नावापुढे लिहा. मॅनेजर म्हणाले, "तुमच्यातला फिटर झाला, तर बाकीचे त्याच्या हाताखाली उभे राहतील काय?" मिस्त्रींनी हातातला पाना पुसला, जागेवर ठेवला आणि ते बाहेर पडले. पुढे महाराष्ट्राचे नवे राज्य झाले त्या सुमारास त्यांनी एक मोटारसायकल आणली. युद्धात वापरलेली, परदेशी बनावटीची, साखळीऐवजी पोलादी दांड्याने मागचे चाक फिरवणारी. तिच्यावर पेटी बांधून ते गावोगाव विहिरींवरची इंजिने दुरुस्त करू लागले. जिनचा मुकादम चौकात उभा राहून म्हणे, "फटफटी बसू द्या, मंग पाहा. हाच तुळशीराम हेल्परच्या जागेवर येऊन उभा राहते का नाई!" मिस्त्रींच्या कानावर हे वाक्य इतक्या जणांनी घातले होते, की अखेरीस ती पैजच होऊन बसली.

आणि ती गाडी बसायला आली. अशा गाडीत इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला मागच्या टोकाशी एक सांधा असतो. वाचकांनी आपले मनगट आठवावे. चाक खड्ड्यातून वर-खाली होते, दांड्याला तर फिरत राहायचे असते. तेव्हा हा सांधा वाकूनही फिरणे थांबू देत नाही. त्याच्या पोटात फुलीच्या आकाराचा पोलादी तुकडा असतो, त्याच्या चार टोकांवर चार टोप्या, आणि टोप्यांत सुईसारखे बारीक रूळ. पृथ्वीला दोन प्रदक्षिणा होतील एवढे अंतर त्या गाडीने कापले असावे, असा माझा हिशेब होता. सुयांनी फुलीच्या टोकांवर चर पाडले होते. गाडी सुरू करताना मागून 'कट्' असा आवाज येई. अकोल्याच्या कारागिराने सांगितले, सुटा भाग मिळणार नाही, गाडी भंगारात घाला. बीबी गावच्या एका वांगी लावणाऱ्या शेतकऱ्याला मिस्त्रींनी इंजिन सुरू करून देण्याचा शब्द दिला होता. त्याच्या वाफ्यांना तीन दिवस पाणी नव्हते. मिस्त्री पोचले नसते, तर जिनच्या कारखान्यातला माणूस जाणार होता, आणि मग एकेक गाव तिकडेच गेले असते.

त्या रविवारी मी शाळेच्या प्रयोगशाळेतला बारीक मापे घेण्याचा व्हर्निअर खिशात घालून त्यांच्या घरी गेलो. मिस्त्रींनी सुया काढून टाकल्या होत्या. फुलीची टोके तेलाच्या दगडावर घासून त्यांनी गोल केली. त्यांच्यावर बसवण्यासाठी एका जुन्या पंपातल्या काशाचे चार बुश, म्हणजे आखूड पोकळ नळ्या, कातायचे ठरले. परसात हाताने फिरवायचा जुना लेथ होता. त्याचे मोठे चाक सुभद्राबाई, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, फिरवत. मी मापे सांगत होतो, मिस्त्री कातत होते. "गुरुजी, तुमी माप सांगता, हे कातते, अन् घाम मलेच काऊन?" असे सुभद्राबाईंनी विचारले. बुशाचे भोक आणि फुलीचे टोक यांचे माप मी अखेरच्या रेषेपर्यंत सारखे करवून घेतले. मिस्त्री थांबले. "गुरुजी, जराशी ढील ठेवू का?" मी म्हणालो, "ढिलाईनेच तर हा झिजला ना, मिस्त्री?" त्यांनी "हाव" म्हणून होकार दिला आणि बुश तसाच कातला. वीस वर्षे लोखंडात हात असलेला तो माणूस माझ्या शाळेला मान देऊन गप्प बसला. मॅनेजरपुढे न झुकलेली मान त्यांनी माझ्यापुढे झुकवली, आणि ते मला त्या वेळी कळलेसुद्धा नाही.

आम्ही दोघे बीबीला निघालो. चिखलीच्या रस्त्यावर पहिल्याच चढणीला जळक्या ग्रीसचा वास आला, मागचे चाक हिसके देऊ लागले, आणि गाडी उभी राहिली. सांध्याला हात लावणे शक्य नव्हते. अगदी बरोबर बसवलेले कासे तापून फुगले होते आणि फुलीला चिकटले होते. तेल शिरायला मी जागाच ठेवली नव्हती! मी रस्त्याच्या कडेला बसून माझ्या अचूकपणाकडे पाहत होतो, तोच जिनची सरकी नेणारा ट्रक आला. आत बसलेल्या मुकादमाने तो थांबवला. "काय बे तुळशीराम, बसली का? टाक मागं. सायेबाले सांगतो, हेल्परची जागा खालीच हाये."

मिस्त्रींनी पेटीतून पाना काढला. "मुकादम, तुमी व्हा म्होरं. सायेबाले सांगजा, बीबीले जाऊन राह्यलो. जराक उशीर होईन."

"अन् ही धकवत नेतं काय?"

"गरज पडली तं धकवत नेतो. पन तिकडं, इकडं नाई."

ट्रक गेल्यावर ते माझ्याकडे वळले. रागावतील असे मला वाटले. रागावले असते तर बरे झाले असते. "गुरुजी, तुमचं माप चुकलं नाई," ते म्हणाले. "पन ते थंड्या लोखंडाचं माप व्हतं. मी तवाच म्हनायले पाह्यजे व्हतं. आता मात्र मी म्हनतो तसं." निवेपर्यंत आम्ही वाट पाहिली. मग पोते अंथरून त्यांनी सांधा सोडवला आणि घासून धार लावलेल्या जुन्या कानशीने एकेक बुश आतून खरवडू लागले. व्हर्निअर मागितला नाही. दर वेळी सांधा जोडून ते त्याचे एक अंग आडवे धरीत आणि सोडून देत. पहिल्यांदा ते तसेच अडून राहिले. पुन्हा खरवडले, पुन्हा धरले. "आपल्याच वजनानं पडलं पाह्यजे," ते म्हणाले. "धपकन पडलं तं ढिलं. अडलं तं जाम. हळू पडलं, की समजा त्याले श्वास आला." चौथ्या खेपेला ते अंग पेंगुळल्या माणसाच्या मानेसारखे सावकाश खाली आले. मी आयुष्यभर मुलांना मोजायला शिकवले. पुरेसे म्हणजे किती, हे मी त्या दिवशी चिखलीच्या रस्त्यावर शिकलो. दिवस मावळायच्या आत बीबीच्या वांग्यांना पाणी मिळाले. त्यानंतर मिस्त्रींनी माझ्यापुढे कधी मान झुकवली नाही. आम्ही खऱ्या अर्थाने मित्र झालो ते तिथून पुढे.

तो सांधा अखेरपर्यंत चालला. दर दोन वर्षांनी नवे बुश, तीच फुली. हेल्परची जागाही मुकादमाने बरीच वर्षे रिकामी सांगितली...

मिस्त्रींना जाऊन चार दिवस झाले नव्हते, तोच मुकादम त्यांच्या अंगणात येऊन गेला. लेथ आणि गाडी भंगाराच्या बोलीवर उचलून नेतो, म्हणाला. "आता हे चालवनार कोन, बाई?" सुभद्राबाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "इतकी वर्सं चाक कोन फिरवत व्हतं? डोळे मिटून फिरवत नव्हती मी. जा तुमी." गाडी कोण चालवणार हे अजून ठरलेले नाही; ती विकायची नाही, हे ठरले आहे. गावोगावचे लोक आता इंजिनाचे भाग गोणीत बांधून त्यांच्या अंगणात आणून ठेवतात.

मागच्या रविवारी मी गेलो, तेव्हा पिंपळगावच्या एका पंपाचा बुश कातायचा होता. मी सवयीने खिशात हात घातला. "ते राहू द्या खिशातच," सुभद्राबाई म्हणाल्या, "अन् चाकावर या." म्हणून आता चाक मी फिरवतो, आणि घामही मलाच येतो. तासाभराने त्यांनी बुश पुसला, तेलाचे बोट लावून दांड्यावर चढवला, दांडा उभा धरला आणि बोट काढून घेतले. आम्ही दोघेही वाकून पाहत होतो. बुश अडला नाही, धपकन पडलाही नाही... मिस्त्रींच्या हातून पडे तसाच, आपल्याच वजनाने, हळूहळू खाली आला.