रिलिव्हर येईपर्यंत

जेवणात तांबडा रस्सा होता, तेव्हा झोप येणारच होती. कोल्हापूरजवळच्या एका पंपांच्या कारखान्याचं गेस्ट हाउस. पंखा कुरकुरतोय, आणि मालकांनी सल्ल्याला बोलावलेल्या व्यवस्थापनाच्या प्राध्यापक वैजयंती राजोपाध्ये डोळे मिटून उद्योगजगताचं भलं चिंतताहेत.

या कारखान्यात एक पद्धत आहे. पाळी बदलताना जाणारा कामगार येणाऱ्याचा, म्हणजे आपल्या रिलिव्हरचा, हात धरून चालू मशीनवर ठेवतो. दोघं तसेच उभे राहतात, मग पहिला घरी जातो. यात वेळ फुकट जातो, सबब हे बंद करावं, अशी शिफारस वैजयंतीबाई संध्याकाळच्या मीटिंगमध्ये करणार आहेत. मालक तेवढ्यासाठीच थांबलेत. शिफारस बिनतोड आहे, तरी ती सकाळपासून बाईंना खुपतेय.

पंख्याची कुरकुर थांबते. कॉटच्या पायथ्याशी खानवेलकर सर बसलेत.

सर म्हणजे बाईंचे गुरू, आणि कॉलेजातल्या त्यांच्या खुर्चीचे आधीचे मालक. एका शुक्रवारी ‘उरलेलं सोमवारी बोलू’ म्हणून घरी गेले आणि रविवारी वारले. सोमवारी विभागप्रमुखाच्या खुर्चीत वैजयंतीबाई बसल्या.

"सर, तुम्ही वारलात," बाई आठवण करून देतात.

"हो, त्याचं काय एवढं? चल, वर्ग खोळंबलाय."

गेस्ट हाउसच्या दाराबाहेर वर्गच आहे. भिंतीवर तसबिरींची रांग, व्यवस्थापनशास्त्र घडवणाऱ्या थोरामोठ्यांची. स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या मागे उभे राहणारे इंजिनिअर, दिवे कमीजास्त करून कामगारांचा हुरूप तपासणारे संशोधक, सत्ता माणसांवर नको, माणसांबरोबर चालवा म्हणणाऱ्या बाई. आज सगळ्या चौकटी रिकाम्या आहेत.

"गेले कुठे हे?"

"जेवायला. माणसंच ती."

शेवटच्या चौकटीत मात्र सरांचा फोटो आहे, चंदनाच्या हारासकट. सर वाकून स्वतःकडे बघतात.

"मला कुणी टांगलं यांच्या पंक्तीत?"

"मी."

"बरं केलंस. आता माझ्याशी कुणी वाद घालत नसेल."

बाईंना राग येतो. इतकी वर्षं साठलेला आहे, आता येतो.

"सर, सोमवारी काय सांगणार होतात?"

"आठवत नाही गं. मेल्यावर सगळ्यात आधी अजेंडाच जातो."

बाकांना तेलाचा वास येतो. ती बाकं नव्हेत, लेथ मशीनं आहेत, आणि वर पत्र्याची शेड आहे. सर एका चालू मशीनपुढे उभे आहेत, बाह्या दुमडून.

"अंगठी काढ. मशीनजवळ चालत नाही."

"निघत नाही सर. बोट जाड झालंय. साबण लावून झाला, तेल लावून झालं."

"काढ."

ती निघते. सर ती शर्टाच्या खिशात टाकतात.

"तुम्ही इथे काय करताय?"

"रिलिव्हरची वाट बघतोय. तो आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, साधा नियम आहे. केव्हाचा उभा आहे. पाय भरून आलेत."

रिलिव्हर कोण, हे विचारायची बाईंना गरज पडत नाही. त्यांना रडू येतं, आणि ते त्या आवरत नाहीत. सर त्यांचं मनगट धरतात, तळवा मशीनच्या अंगावर टेकवतात. खाली बारीक थरथर आहे. तिच्यात मधूनच कुठेतरी एक अडखळ आहे.

"कळलं?"

"कळलं. पण सांगता येणार नाही."

"सांगायचं नाहीच आहे." सर कापसाच्या बोळ्याला हात पुसतात आणि मागे न बघता शेडच्या बाहेर जातात.

पंखा कुरकुरतोय. ऊन पडद्यावर आलंय. कॉटच्या पायथ्याशी, सर बसले होते तिथे, चादरीवर अंगठी पडली आहे. बाई ती घालायला जातात, तर ती बोटाच्या पेरावरून पुढे सरकत नाही. बोटावर पांढरा वळ तेवढा आहे.

त्या मॅनेजरना फोन लावतात.

"इंगवलेसाहेब, ती हात ठेवायची पद्धत बंद करू नका. मीटिंगमध्ये मी तेच सांगणार आहे."

"पन मॅडम, मालक ह्याच्यासाठीच थांबल्यात की!"

"थांबू देत. आणि पाळी सुटायच्या आधी मी शेडवर येतेय. कुणाला तरी सांगा, माझाही हात ठेवून बघा म्हणावं."